एकट्याने राहण्याची अट

शेवटच्या साध्या दिवशी, दुपारी, ती शस्त्रांच्या खोलीत लपून पुस्तक वाचत बसली होती.

शस्त्रं जाऊन जमाना लोटला होता. खोलीला नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. भिंतीपासून हातभर पुढे खाचा पाडलेल्या लाकडी फळ्या उभ्या केलेल्या होत्या. एके काळी एकेका खाचेत एकेक बंदूक उभी असायची. आता तिथे दोन छत्र्या, वडिलांची काठी आणि लांब दांड्याचा झाडू उभा होता. लोखंडी दार तिने अर्धवट ओढून घेतलं होतं. पलीकडच्या खोलीत वडील एका बाईंशी बोलत होते आणि त्या जाईपर्यंत तिला बाहेर येता येणार नव्हतं.

तिने चाळिशी ओलांडली होती. एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची, हाताखाली माणसं होती, केसांत पांढरं डोकावू लागलं होतं. पण जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की आपला कप, चष्मा आणि चपला उचलून ती आत जायची. पोहणं जसं एकदा शिकलं की अंगातून जात नाही, तसं हेही गेलं नव्हतं.

आलेल्या बाई नगरपालिकेने नेमलेल्या होत्या. या जुन्या लष्करी इमारतीचं आता वाचनालय, खेळाचा हॉल आणि पाळणाघर होणार होतं, आणि तिचा इतिहास लोकांना दिसावा म्हणून काही खोल्या मांडून ठेवायच्या होत्या. ते काम या बाईंचं. वडील त्यांना मांडणीवाल्या बाई म्हणत. त्यांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला होता.

"आजोबा, तुम्ही पलटणीत नक्की काय करायचात?"

"आजोबा नका म्हणू, मला नातवंडं नाहीत. काका म्हणा. मी आर्मरर. बंदुका पुसायच्या, दुरुस्त करायच्या, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. बंदूक चालवायचे दुसरेच. आम्ही आपले लग्नघरातल्या आचाऱ्यासारखे. सगळं आम्ही करायचं, फोटोत मात्र नाही."

बाई हसल्या. "आणि या खोलीत तुमच्याबरोबर कोण कोण राहायचं?"

"कोण राहणार? मी एकटा. सडाफटिंग."

"पण तुमचं लग्न झालं होतं ना?"

"बायको लवकर गेली. मुलगी माझ्या बहिणीकडे वाढली, मागच्याच गल्लीत. यायची भेटायला." वडिलांची खुर्ची करकरली. "रविवारी. हुशार आहे हो. माझ्यावर गेली नाही."

मुलगी बहिणीकडे, हे वाक्य तिने जन्मभर ऐकलं होतं. शाळेच्या बाईंना सांगताना, पोस्टमनला सांगताना. आज ते यंत्रात जात होतं. पुस्तकातली एकच ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली.

"एकट्याला कंटाळा नाही आला, काका?"

"कंटाळा यायला वेळ कुठे होता? खालचा हॉल बघितलात ना केवढा आहे? एका टोकाकडून झाडत गेलं की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा मळलेलं."

बाई गेल्या. वडिलांनी जिन्याखालचं दार लागल्याचा आवाज ऐकला आणि मग हाक मारली, "मुंगे, ये बाहेर."

मुंगी हे तिचं त्यांनी ठेवलेलं नाव. आवाज न करता चालते म्हणून.

"ऐकलंस ना? बरोबर बोललो?"

"बरोबर."

"रविवारी यायची म्हणालो. शनिवारी म्हणायला हवं होतं का?"

"एकूण एकच, बाबा."

"आवाज कसा आला?"

"रेडिओवरच्या कृषीतज्ज्ञासारखा."

ते खूश झाले. तिच्या मनात आलं, आता म्हणावं: बाबा, पलटण गेली, बंदुका गेल्या, ज्यांनी नियम केला ते गेले. आता सांगितलं तर कोण फासावर देणार आहे? पण चहा उकळत होता, वडिलांना चष्मा सापडत नव्हता आणि चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. ते सांगण्यात ती वेळ निघून गेली. संध्याकाळी वडिलांनी नखं कापली. ती पक्ष्यांच्या एका कोशाची मुद्रितं तपासत बसली. मग दोघं झोपली.

आता ही अट काय होती, ते सांगायला हवं. त्यासाठी इमारतीपासून सुरुवात करावी लागेल.

कागदोपत्री ते शस्त्रागार होतं, लोक त्याला हत्यारघर म्हणत. भर वस्तीत जाड दगडी भिंती, कोपऱ्यांना बुरूज आणि खालच्या बाजूला खिडक्यांऐवजी पंजा जाईल एवढ्या फटी. परक्या माणसाला वाटे, शत्रू चालून येईल म्हणून बांधलं असावं. पण फटींचं तोंड सीमेकडे नव्हतं, बाजाराकडे होतं. ज्यांनी ती इमारत बांधली त्यांना परक्या फौजेची धास्ती नव्हती. त्यांना गिरण्यांमधल्या संपाची आणि महागाईच्या दंग्यांची धास्ती होती. शहराच्या मधोमध बंदुका हव्यात, आणि त्या शहराच्या हाती लागता कामा नयेत, असा तो हिशेब. हे तिने मोठेपणी एका पुस्तकात वाचलं आणि वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. वडील म्हणाले, "मी रोज त्या फटीतून समोरची भाजीवाली बघतो. फार धोकादायक दिसते खरी."

आत कवायतीचा हॉल. मध्ये एकही खांब नाही, वरती लोखंडी कमानी, खाली लाकडी फळ्यांची जमीन. पावसापाण्यात पलटणीला मैदानावर जाता येत नसे, तेव्हा ती इथे कवायत करायची. शेकडो बूट एकदम आपटले की समोरच्या दुकानांतल्या काचा थरथरत. हॉलच्या कोपऱ्यातल्या बुरुजातून एक गोल जिना वर जायचा. वर शस्त्रांची खोली, आणि तिला लागून आर्मररची राहायची खोली. त्याच्या उशाशी बंदुका, म्हणून नियम कडक. तिथे राहणारा माणूस एकटाच असला पाहिजे, आणि मोठा दरवाजा बंद झाल्यावर आत बाई नको, मूल नको.

तिची आई वारली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. वडिलांनी तिला मागच्या गल्लीत आत्याकडे ठेवलं. आत्या प्रेमळ होती, पण पोर जेवेना. भिंतीकडे तोंड करून बसायची. ताप आला, तो उतरेना. शेवटी एका संध्याकाळी वडिलांनी तिला लष्करी ओव्हरकोटाच्या आत घेतलं आणि पहारेकऱ्यासमोरून छाती काढून आत नेलं. पहारेकरी म्हणाला, "दादा, पोट फार सुटलंय." वडील म्हणाले, "सुखाचं आहे." एका रात्रीपुरतं म्हणून आणलेलं ते पोर नोकरी लागेपर्यंत तिथेच राहिलं.

पलटणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. तपासणीला येणारा प्रत्येक जण बुरुजाच्या पहिल्या पायरीशी जोरात खोकायचा. कुणाला दमा नव्हता, पण त्या जिन्यावर सगळी पलटण खोकायची. खोकला ऐकला की ती आपली वाटी आणि बाहुली उचलून शस्त्रांच्या खोलीत, फळ्यांच्या मागे. पलटणीचे मोठे साहेबसुद्धा खोकायचे, आणि वर आल्यावर मुद्दाम खिडकीबाहेर बघत बोलायचे. शिपाई तिला 'जादा काडतूस' म्हणत, मोजदादीत न बसणारं. शाळेत पत्ता आत्याचा. मैत्रिणींना घरी बोलवायचं नाही. जिन्यावर पळायचं नाही, जमिनीच्या फळ्यांच्या मधोमध पाय टाकायचा नाही, कारण मध्ये त्या करकरतात. आणि कुणीही, कधीही, कुठेही विचारलं तरी एक वाक्य म्हणायचं नाही: मी इथे राहते. ते तिने एकदाही म्हटलं नाही. भांडणात नाही, झोपेत नाही.

मग पलटण हलली. बंदुका पेट्यांत भरून गेल्या, आणि पोकळ झालेली इमारत नगरपालिकेच्या गळ्यात पडली. तिचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. काही वर्षं हॉलमध्ये धान्याची पोती होती, मग जप्त केलेल्या सायकली. परीक्षा झाल्या, मतमोजण्या झाल्या, मुष्टियुद्धाचे सामने झाले. एकदा नदीला पूर आला तेव्हा शेकडो कुटुंबं तिथे येऊन राहिली. हॉलभर दोऱ्यांवर धुणी, रडणारी पोरं, स्टोव्हचे भपकारे. खाली अख्खी वस्ती उघड उघड संसार करत होती, आणि वर एकटी ती पाय वाजू न देता चालत होती.

वडिलांना नगरपालिकेने राखणदार म्हणून ठेवून घेतलं, खोली हयातभर त्यांची. करार करताना कारकुनाने जुन्या लष्करी कागदावरून अट जशीच्या तशी उतरवली: राहणाऱ्याने एकट्यानेच राहावं. बंदुकाच नव्हत्या तर अट कशाला? नक्कल करणाऱ्याने अक्कल वापरली नाही, इतकंच. ती काढून मागितली असती तर कदाचित निघालीही असती. पण मागायची तर आधी सांगावं लागलं असतं की आजवर इथे काय चाललं होतं. आणि वडिलांची ख्याती तर नाकासमोर चालणारा माणूस अशी. एक काडतूस कमी भरलं म्हणून त्यांनी एकदा साहेबाच्या भाच्याला अडवून ठेवलं होतं. अशा माणसाने रोज एक नियम मोडला, हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

नोकरी लागल्यावर ती दुसरीकडे खोली घेऊन राहिली. तो काळ तसा बरा होता. आपल्या दारावर आपलं नाव आहे याची तिला गंमत वाटायची. मग वडिलांची नजर अधू झाली. एकदा त्यांनी पेटत्या शेगडीवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ते तासभर तसंच राहिलं. ती दोन पिशव्या घेऊन परत आली. पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेच्या मालमत्ता विभागाचे साहेब पाहणीला आले. तिने विचारही केला नाही, चपला उचलल्या आणि आत गेली. साहेब गेल्यावर वडील लोखंडी दाराशी येऊन पोट धरधरून हसले. "मुंगे, वय काय आपलं आणि करतोय काय आपण!" तीही हसली. पण दोघांनीही दुसऱ्या दिवसापासून त्यात काही बदल केला नाही.

मांडणीवाल्या बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी चहा घेतला आणि म्हणाले, छाती जड वाटतेय. खिडकी उघड. तिने खिडकी उघडली, त्यांना खुर्चीत नीट बसवलं, फोनवर डॉक्टरांना बोलावलं, घोट घोट पाणी पाजलं. मग त्यांचा हात हातात घेऊन शेजारी बसली. हाताला अजून बंदुकीच्या तेलाचा वास येतो असं तिला नेहमी वाटायचं. तसा तो येणं शक्य नव्हतं.

"तुझी बस जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

त्यांनी मान हलवली, म्हणजे नाराजी दाखवली. बस चुकवणं त्यांना पटत नसे. थोड्या वेळाने त्यांचा हात जड झाला.

त्यानंतर तिने जे केलं ते तिच्या हातांनी केलं, असंच म्हणावं लागेल. जिन्याखाली दार वाजलं. खाली माणसांचे आवाज आले. डॉक्टर होते आणि इमारतीच्या कामावर आलेले मालमत्तासाहेबही त्यांच्याबरोबर होते. ते जिना चढेपर्यंत तिने आपली घडीची खाट मिटून फळ्यांमागे सरकवली, दुसरा कप विसळून कपाटात ठेवला, बाहेरच्या चपला पायात घातल्या आणि पर्स खांद्याला लावली. घराला आग लागली असती तरी तिने आधी हेच केलं असतं.

"तुम्ही कधी आलात?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "कामावर जाताना डोकावले, तर…"

"म्हणजे शेवटी जवळ कुणी नव्हतं."

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, तिच्याकडेही एकदा पाहिलं. पण त्यांना पुढचा रुग्ण होता.

संध्याकाळी सगळं उरकल्यावर ती परत आली आणि आपलं सामान आवरायला बसली. चार-दोन साड्या, पुस्तकं, एक उशी. तिच्या लक्षात आलं, आवरण्यासारखं फारसं काही नाहीच. इतकी वर्षं राहूनही तिने खोलीवर ओरखडाही उठू दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: 'हत्यारघराचा एकाकी राखणदार काळाच्या पडद्याआड'. खाली साहेबांचं म्हणणं छापलं होतं, की या माणसाने आयुष्यभर एकट्याने राहण्याची अट पाळली आणि मरणही एकट्यानेच पत्करलं. लोकांना ते वाचून वडिलांबद्दल गहिवर आला, आणि गहिवर आला की तो कुठेतरी उतरवावा लागतोच. मागच्या गल्लीत ती आत्याकडे राहायला गेली तेव्हा किराणा दुकानातल्या बाई दुसरीला म्हणाल्या, हळू आवाजात पण ऐकू जाईल इतक्याच हळू:

"हीच ती. मागच्या गल्लीत राहून बापाला पाणी विचारलं नाही."

"शिकलेली आहे ना?"

"तर! पुस्तकं वाचते. पुस्तकाला हाक मारता येत नाही ना, बरं असतं."

तिने साबण घेतला, सुटे पैसे घेतले आणि परत आली. आत्याला हे आधीच कळलं होतं. आत्याला सगळं आधीच कळायचं.

"तू म्हणालीसच कशाला, आत्ताच आले म्हणून?"

"तोंडातून गेलं."

"लोकांच्या जिभेला हाड नसतं, तुझ्या जिभेला कुलूप आहे. त्यानेच घातलंय म्हणा." आत्या शेंगा सोलत होती, सोलता सोलता दोन दाणे तिच्याच तोंडात गेले. "म्हणे पाणी विचारलं नाही! आणि मी? मी इतकी वर्षं शाळेत खोट्या सह्या केल्या, तुझ्या नावाचा एक गणवेश इथे दोरीवर वाळत घातला, लोकांना दिसावा म्हणून. न मळलेला गणवेश धुतलाय मी."

"मग आता खरं सांगू का, आत्या?"

आत्याचा हात थांबला. "आता? आता कशाला? जन्मात एकच नियम मोडला माझ्या भावाने, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मेल्यावर तू दवंडी पिटणार? लोक म्हणतील, बघा, हाही तसलाच. आज मुलगी लपवली, काल काय काय लपवलं असेल. हत्यारघरातला माणूस तो. एकदा लोकांनी मोजायला घेतलं की बंदुकांपासून मोजतात."

आत्या म्हणत होती त्यात तथ्य होतं. वडिलांकडे मागे ठेवायला दुसरं काही नव्हतं, एक नाव होतं. ते पुसायचं की आपल्यावरचा डाग पुसायचा, अशी ती निवड दिसत होती, आणि अशा निवडीत स्वतःची बाजू घ्यायची तिला सवय नव्हती.

काम झपाट्याने पुढे गेलं. कवायतीच्या हॉलचा अर्धा भाग वाचनालयाला गेला, अर्ध्या भागात बॅडमिंटनच्या रेषा आखल्या गेल्या. कमानींना रंग लागला. तोफा ओढणारे घोडे जिथे बांधत असत तिथे पाळणाघर आलं आणि भिंतींवर हत्ती-ससे आले. फटींना काचा बसल्या. मांडणीवाल्या बाईंनी तिला खोलीत लावायच्या फलकाचा मजकूर पाठवला: "तुमचं कामच हे आहे, जरा नजर टाकाल?" मथळा होता, 'नियमाचा पक्का माणूस'. तिने दोन वेलांट्या आणि एक स्वल्पविराम सुधारून मजकूर परत केला. चुका दुरुस्त केल्या. खोटं होतं ते तसंच राहू दिलं. छापखान्याच्या भाषेत ती चूक नव्हती.

खोली लोकांसाठी उघडायची होती त्या दिवशी बाईंनी तिला जरा आधी बोलावलं. आत्याही आली, काठी टेकत. बुरुजाच्या जिन्याला आता कठडा बसवला होता. वर खोली होती तशीच होती, फक्त फार स्वच्छ. एक खाट. एक खुर्ची. टेबलावर एक कप, एक ताटली, एक चमचा. खिडकीच्या कट्ट्यावर वडिलांचा चष्मा. बाईंनी काहीही बनावट आणलं नव्हतं. जे मिळालं तेच मांडलं होतं, आणि जे मिळालं ते तिनेच मागे ठेवलेलं होतं. आपलं काम किती चोख झालं होतं ते तिला पहिल्यांदाच बाहेरून दिसलं.

"काही चुकलंय का, बघा हं," बाई म्हणाल्या. "तुम्ही रविवारी यायचात, तुम्हाला आठवत असेल."

तिची नजर दारामागे गेली. दारामागे भिंतीत एक लोखंडी खुंटी होती, गुडघ्याच्या जरा वर. तिथे चिठ्ठी लावली होती: 'संगिनी अडकवण्याची खुंटी'.

"ही फार बुचकळ्यात टाकते," बाई म्हणाल्या. "इतक्या खाली कशाला? वाकून अडकवायचे का? आमच्या सल्लागारांनी संगिनी म्हटलं, मग मीही म्हटलं."

"असेल," ती म्हणाली. तिच्या तोंडाला सवयीने 'असेल' आलं. खुंटी वडिलांनी तिच्या पहिल्या दप्तरासाठी ठोकली होती. ठोकताना अंगठा चेचला होता, आणि पलटणीत सांगितलं होतं की बंदूक पडली.

लोक आले. गल्लीतले आले, वाचनालयाचे सभासद आले, किराणा दुकानातल्या बाईही आल्या. खोली लहान, त्यामुळे निम्मे जिन्यावर. मालमत्तासाहेब खिडकीशी उभे राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. वडिलांच्या अंत्यविधीला ते आले होते आणि त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

"ही खोली बघा," ते म्हणाले. "एक कप, एक ताटली. नियम होता एकट्याने राहण्याचा. इथे धान्य आलं, पूरग्रस्त आले, सगळ्यांनी हात-पाय पसरले. या माणसाने बोटभरही नियम वाकवला नाही. याच खुर्चीत ते गेले. शेवटच्या घडीला घोटभर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. पण तक्रार? कधीच नाही."

जिन्यावरून कुणीतरी चुकचुकलं. किराणा दुकानातल्या बाई म्हणाल्या, "असं मरण वैऱ्यालाही येऊ नये, बाई," आणि तिच्याकडे न बघण्याची काळजी घेतली.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळ्यांनी खुणावलं, गप्प. आत्याचं बरोबर होतं, पण आत्या खुर्चीकडे बघत नव्हती. खुर्चीकडे ती बघत होती. त्या खुर्चीत आता कायमचा एक तहानलेला म्हातारा बसणार होता. उद्या शाळांच्या सहली येतील, त्यांना तो दाखवला जाईल. पोरं घरी जाऊन सांगतील. असा माणूस इथे कधी नव्हताच. इथे जो होता त्याने एका मुलीला कोटाच्या आत घालून वर आणलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्या, पण रोज. आणि तिच्यासाठी जन्मभर खोटं बोलताना एकदाही हू की चू केलं नव्हतं. नियमाचा पक्का माणूस कुठेही मिळाला असता. हा मिळाला नसता. आणि त्याचं नाव जपायचं म्हणून आपण त्यालाच पुसून टाकतोय.

"साहेब," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खालचा निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "साहेब, ते एकटे नव्हते."

साहेब थांबले. "म्हणजे?"

आत्याची काठी जमिनीवर आपटली. मांडणीवाल्या बाईंनी हातातला कागद खाली घेतला.

"मी इथे राहत होते," ती म्हणाली. "रविवारी यायचे नाही. राहायचे. लहान होते तेव्हापासून. मध्ये थोडी वर्षं बाहेर होते, मग परत आले. माझी खाट तिथे आत असायची. ही खुंटी संगिनींची नाही, माझ्या दप्तराची आहे. ते गेले तेव्हा मी याच खोलीत होते, इथे, या बाजूला. मी पाणी पाजलं. ते प्यायले. त्यांनी तुमची अट मोडली होती, रोज मोडली होती, आणि ती माझ्यासाठी मोडली होती. हे माझं घर होतं."